मऊ पडलेली भेळ
पोटातलं बाळ गेल्यापासून भैरवी खात नव्हती, बोलत नव्हती. जावई फोनवर रडायला लागले, तशी मी कोल्हापुराहून तडक गुवाहाटी गाठली. पिशवीत साड्या दोन, बाकी सगळी खासबागेतली भेळ: चुरमुरे, शेव, चिंचेची चटणी वेगवेगळं बांधलेलं. कालवली की लगेच खायची, हा लेकीचाच नियम. भेळ मऊ पडली की लहानपणी ती भेळवाल्याशी भांडायची, “मामा, दुसरी द्या की!” तिच्या उशाशी बसून भेळ कालवली. तिने भिंतीकडून तोंड वळवलं नाही. “ऊठ की गं, मऊ पडंल,” म्हणता म्हणता माझा घसा बसला. चुरमुऱ्यांची कुरकुर थांबली. आता माझ्याकडं दुसरं काहीच उरलं नव्हतं. भांडं उचलून ओतायला निघाले, तर पदर अडकला. तिच्या मुठीत होता. “आई, टाकू नको.” “पार मऊ झालीया गं.” “असू दे. मऊच दे.”