बक्षिसांच्या वहीतलं पान

"दारूवर पीएचडी करणाऱ्यासाठी या घरात पाट मांडला जाणार नाही," असं आप्पांनी फोनवर बजावलं, त्याला आता पाच वर्षं झाली. आप्पा म्हणजे नाशिकचे नावाजलेले व्यसनमुक्ती व्याख्याते. पोटच्या पोराला त्यांनी सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही येऊ दिलं नाही. देवदत्तनं ते लग्न जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या खोलीत बसून मोबाइलवर पाहिलं, आणि तरी मनातल्या मनात चूक आपल्याच पदरात घातली.

फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात वाइन कशी घडत गेली, हा त्याचा विषय. आज तिथल्या एका जुन्या वाइनशाळेनं बक्षिसांच्या वहीची स्कॅन केलेली पानं पाठवली. १९८४ च्या पानावर, वाइन चाखण्यातल्या पहिल्या बक्षिसासमोर, चक्क देवनागरीत सही होती.

"आल्झो, म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी," शेजारच्या टेबलावरून त्याची सहसंशोधक लीला वाकून बघत म्हणाली. "ओळखतोस का रे?"

देवदत्तनं ती सही मोठी करून पाहिली. मग लॅपटॉप मिटला.


"ओळखतो असं वाटत होतं. दहावीपर्यंत माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पालकांची म्हणून हीच सही आहे."