लाल फुल्या

निवृत्तीनंतर कुठं राहायचं, हे ठरवायला दिगंबरराव नकाशा पसरून बसले होते. हवेनं दगा देऊ नये आणि बुलेटवर मनसोक्त फिरता यावं, एवढीच त्यांची अट.

"गुहागरला वादळं." लाल फुली. "चंद्रपूरचं ऊन जीव घेईल." फुली. "सांगलीला पूर, आंबोलीला दरडी." दोन फुल्या.

शेजारी लसूण सोलत बसलेल्या बायकोनं, वसुधाताईंनी, विचारलं, "मागच्या वर्षी बुलेटवरून पडून पाय मोडून घेतलात, तेव्हा पाऊस होता का हो?"

"छे! लख्ख ऊन होतं."

"रस्ता निसरडा?"

"खडखडीत कोरडा."

"मग पडलात कसे?"

दिगंबररावांनी पेन्सिल खाली ठेवली. "ढग येतायत का, ते बघत होतो."

वसुधाताईंनी गुहागरवरची फुली खोडली. "आभाळ मी बघेन मागं बसून. तुम्ही रस्ता बघा."