मुशीवरची नजर

"मुशीत सोना हाय तवर डोला हलवू नको," सासूचे हे शब्द मासेवाल्या गोजरानं पंचवीस वर्षं पाळले होते. बेलापूरला स्टेशन झालं त्या वर्षी ती सुनेला घेऊन दिवाळे गावाहून तिथल्या सोनाराकडे आली. निघताना तिनं सुनेची माहेरची माळ मागून घेतली, तेव्हापासून सून सासूच्या हाताकडेच बघत होती. माळ पितळेची आहे, हे आईनं तिला एकटीलाच सांगितलं होतं. भट्टीत मातीची मूस लाल झाली. गोजरानं मात्र स्वतःच्या पाटल्या उतरवून तिच्यात सोडल्या. माळ हातातच धरून ती म्हणाली, "अशीच दुसरी घडव. नमुना लांबूनच बघ." सोनं पिवळं पाणी होऊन डुलू लागलं. "काकी, पापणी तरी लववा," सोनार हसला. तेव्हा पहिल्यांदाच मुशीवरची नजर काढून ती सुनेच्या कानाशी वाकली. "मना लग्नातच समजला गो. मी मासली हातानंच तोलते."