बंड्याची पसंती

प्रमिलाताईंनी जुन्या टॉवेलची झोळी करून बंड्याची कंबर उचलून धरली होती. कुत्र्याच्या मणक्यात बिघाड होता, मागचे पाय लुळे पडले होते. "आपणहून मुतला तर नसा जिवंत आहेत समजा, मग चालेलही," डॉक्टर म्हणाले होते. बंड्या कालपासून कोरडाच होता. त्याने झाडं हुंगली, खांब हुंगले, पण महाराजांना काही पसंत पडेना.

तेवढ्यात शेजारचे धामणकर आपली स्कूटर ढकलत आले. तिच्या चाकावर बंड्या रोज न चुकता तंगडी वर करायचा, म्हणून त्यांनी सोसायटीकडे सात तक्रारी केल्या होत्या.

"बघताय काय? आणा त्याला इकडे. मुद्दामच चाक धुतलं नाही."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"भांडू नंतर. आधी कंबर वर घ्या त्याची!"

बंड्याने चाक हुंगलं, तोंड फिरवलं आणि धामणकरांच्या कोऱ्या कोल्हापुरीवर धार सोडली. ताई ओशाळून झोळी मागे घेऊ लागल्या.

"ओढू नका त्याला!" पाय तसूभरही न हलवता धामणकर ओरडले. "होऊ द्या सावकाश!"