मनातल्या मनात

इबादान शहरातल्या मोरेनिकेच्या शेजारणीचं ऑनलाइन वॉलेट कुणीतरी रात्रीत रिकामं केलं, तेव्हापासून मोरेनिकेने धसका घेतला. नवऱ्याने परदेशातून पाठवलेली सगळी कमाई तिने बिटकॉइनमध्ये ठेवली होती. ती आता इंटरनेटपासून दूर, एका चिमुकल्या यंत्रात हलवायची होती.

यंत्र एकेक करून परवलीचे काही इंग्रजी शब्द दाखवणार होतं. ते ज्याला कळतील, पैसा त्याचा. म्हणून भर दुपारी तिने खोलीची कडी लावली, खिडक्या बंद केल्या आणि फोनही बाहेर ठेवला.

पहिला शब्द आला, 'रिव्हर'. तिने तो ओठही न हलवता टिपून घेतला.

"रिव्हर," भिंतीपलीकडे तिची आंधळी सासू पुटपुटली. ती रश्शासाठी एगुसीच्या, कलिंगडासारख्या फळाच्या, बिया सोलत बसली होती. इंग्रजीचं तिला अक्षरही येत नव्हतं.

मग 'लॅडर'.

"लॅडर."

मोरेनिके भिंतीजवळ गेली. "आई, हे कुठून ऐकताय तुम्ही?"

"तुझ्याजवळ बसून वाचतोय ना तो. कोण आलंय गं?"

तिने पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं. कुणी नव्हतं. मग यंत्रातलं सगळं पुसून तिने ते नव्याने सुरू केलं. नवे शब्द आले. पलीकडून फक्त टरफलं मोडल्याचा आवाज येत राहिला. शेवटचा शब्द झाला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिने सगळी रक्कम यंत्रात हलवली.

"आई, गेला ना तो?"

"नाही गं," सासू म्हणाली. "या वेळी मनातल्या मनात वाचत होता."