दारातून आलेलं भांडण

मुलांनो, डोळे मिटा आणि असं एक दार मनात आणा, की नागपुरात त्यात पाऊल टाकलं तर ते थेट साताऱ्यात पडतं. वाटेत काहीच नाही.

कृष्णाकाठ कबड्डी संघ दुपारी नागपुरात हरला आणि त्या दारातून लगेच साताऱ्यात पोचला. तिथला संध्याकाळचा सामनाही गेला, तर संघ स्पर्धेतूनच बाद होणार होता.

"पाय मी धरला होता, साखळी तू सोडलीस!" नागपुरात सुरू केलेलं वाक्य हणमंतनं साताऱ्यात पुरं केलं.

"मग एकटाच खेळ की, शहाण्या!" सर्जेराव ओरडला.

प्रशिक्षक वैजयंताताईंनी कपाळावर हात मारला. "पुरे करा रे! पूर्वी बसमध्ये टोलनाक्यापर्यंत भांडायचात, घाटात एकमेकांच्या खांद्यावर पेंगायचात आणि उतरेपर्यंत सगळं विसरायचात. आता घाम वाळायच्या आत गाव बदलतं, राग तसाच गरम राहतो."

"मग बसनंच जाऊ ना, आई," त्यांची दहा वर्षांची केतकी म्हणाली.

"कुठे जाणार, बाई? आपण पोचलोय!"

केतकी तरातरा बाहेर गेली. यवतेश्वरचा घाट चढून तासाभरात परत येणारी एस.टी. समोरच उभी होती. तिनं खिडकीतून रुमाल टाकला आणि हणमंत-सर्जेरावांसाठी मिळून एकच बाक धरलं.