आजीबिगर गाडी नाय

"माणसानं घराला चाकं लावावीत, मग अख्खी पृथ्वी त्याचं अंगण होते," इंद्रजीतने छावणी भागातल्या, कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्या ऑफिसात जाहीर केलं.

"आत संडास आहे ना?" त्याच्या बायकोने, मेघाने विचारलं.

होता.

अडलं होतं ते चंपाबाईंपाशी, म्हणजे इंद्रजीतच्या आईपाशी. गुडघे गेल्यापासून त्यांचं एकच पालुपद होतं, "माझं लोढणं कशाला? जा तुम्ही सहा जण." आज 'नुसतं बघायला' म्हणून त्यांना आणलं होतं. त्या दाराजवळच्या खुर्चीत, नाही म्हणायच्या तयारीत बसल्या होत्या. या वेळी नाही म्हणाल्या, तर पुन्हा विचारायची सोय नव्हती.

गाड्या अजिनाथच्या. मुक्कामाची जागा मात्र त्याचे वडील त्रिंबकअण्णा ठरवत. चाळीस वर्षं मेंढरांमागे हिंडलेला माणूस. जिल्ह्यातलं सगळं रान त्यांच्या पायाखालचं.

आधी आलेल्या नव्या जोडप्याला त्यांनी दोन मिनिटांत वाटेला लावलं होतं. "दोघंच? मग हाटेलात जावा. म्हैसमाळला हवा झ्याक."

आता ते इंद्रजीतकडे वळले.

"लेकरं किती?"

"चार. दोन आमची, दोन बहिणीची."

"लेकरं असली की भाजीचा मळा बरा. पळायला मोकळं. तरणी पोरं असली तर मी माळावर धाडतो. लई खातात. दोन घरं मिळून असली तर उसाच्या कडंला. तुमचं खाणं कसं? पालेभाजी?"

"रोज," मेघा म्हणाली. मग नवऱ्याच्या कानात, "डॉक्टरसुद्धा इतकं विचारत नाही."

"एक अट हाय. सांजच्याला संडासाची टाकी रानातल्या चरातच सोडायची. वढ्यात, तळ्यात थेंब नाय."

"पर्यावरणाची काय जाण आहे काकांना!" इंद्रजीत भारावून म्हणाला.

"आन् त्या माय?" अण्णांनी दाराकडे बोट दाखवलं.

"मी नाही येत," चंपाबाई म्हणाल्या. "सहाच धरा."

अण्णा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "व्हय का? मग गाडी नाय. आजीबिगर मी गाडी देत नसतो."

"अहो, माझा काय उपयोग?"

"उपयोग न्हाई कसा? तुम्ही पायजेच!"

चंपाबाईंनी पदर सारखा केला. या घरात त्यांना गोळ्या विचारल्या जात, तब्येत विचारली जात. 'पायजेच' असं कोणी म्हणाल्याचं त्यांना आठवेना.

"बघ," त्या मुलाला म्हणाल्या, "मग माझी उशी घ्यावी लागेल."

शनिवारी गाडी दौलताबादच्या पुढे एका मळ्यात लागली. रविवारी सकाळी चंपाबाई बाहेर खुर्ची टाकून चहा पीत होत्या. गुडघ्यांचा विषय कालपासून निघाला नव्हता.

मळ्याचा मालक सोमनाथ दूध घेऊन आला.

"कसं वाटलं, माय?"

"फार छान. तुमच्या अण्णांनी हट्टच धरला, बाबा."

"धरणारच की. आधी अण्णांची दोनशे मेंढरं बसायची माझ्या रानात, खतासाठी. औंदा त्यांनी मेंढरं इकली, पर खताचा शब्द मोडला न्हाई. मी म्हणलं, अण्णा, सहा माणसांत माझं रान भागत नाय. ते म्हणले, थांब, सातवं बी आणतो."

मेघाचा चहा ओठांपाशीच थांबला. चंपाबाईंनी पुन्हा पदर सारखा केला.

सोमनाथने चराकडे एक नजर टाकली आणि समाधानाने मान हलवली.

"माय, पोराला सांगून आज गाडी तेवढी त्या कोपऱ्यात घ्या. हिकडचं झालं."